अधिकार आले, कोष आणि माणसे कोठे आहेत?

सर्व सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, ही म्हण आमच्या व्यापारी वाचकांस नव्याने समजावून सांगण्याचे कारण नाही. दुकानाची पाटी रंगविता येते, गादीवर नवी खोळ घालता येते, जमाखर्चाची वही लाल कापडात बांधून पाडव्यास तिची पूजाही करता येते. परंतु पेटीत रोकड नसेल आणि माल उचलावयास हमाल नसेल, तर पाटीवरील नाव कितीही मोठे असो, सायंकाळी गल्ला रिकामाच राहावयाचा. जे दुकानास लागू तेच नगरास लागू. राज्यातील इतर नगरपरिषदांबरोबर भूमच्या नगरपरिषदेचीही निवडणूक डिसेंबर २०२५ मध्ये पार पडली. २ तारखेस मतदान व २१ तारखेस मोजणी होऊन, गुलाल उधळला जाऊन, सुमारे चार वर्षांच्या खंडानंतर गावचा कारभार पुन्हा गावाने निवडलेल्या मंडळाच्या हाती आला. याबद्दल मतदारांचे अभिनंदन करावे तेवढे थोडेच आहे. परंतु अभिनंदनाचा विडा देऊन झाला म्हणजे वर्तमानपत्राचे कर्तव्य संपले असे होत नाही. ते खरोखर तेथेच सुरू होते. अधिकार आले, ते चालविण्यास लागणारा कोष आणि लागणारी माणसे कोठे आहेत, हा प्रश्न आज विचारला नाही, तर पाच वर्षांनी पुन्हा गुलाल उधळताना तो विचारण्याची आपणांस लाज वाटेल.

हा खंड पडला तो एकट्या भूमच्या दोषाने नव्हे. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील इतर मागासवर्गीयांच्या स्थानिक संस्थांतील आरक्षणास तीन कसोट्या लावल्या. त्या पुऱ्या करण्याकरिता बांठिया आयोग नेमला गेला; प्रभागरचनेचे नियम बदलले, पुन्हा बदलले; नगराध्यक्ष थेट जनतेने निवडावा की सदस्यांनी, यावरही सरकारे पालटली तसा कायदा पालटला. दरम्यान २०२१ च्या अखेरीपासून एकेका नगरपरिषदेची मुदत संपत गेली आणि जागोजाग प्रशासक बसले. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घेण्याचा हुकूम फर्माविला; तोही पाळला न गेल्यामुळे ३१ जानेवारी २०२६ ही अखेरची मुदत घालून द्यावी लागली. पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी नवे मंडळ निवडले जावे, असा घटनेचा स्वच्छ आदेश असताना हे घडले. प्रशासक म्हणून बसलेल्या अधिकाऱ्यांची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. त्यांच्यात कर्तव्यदक्ष माणसे पुष्कळ आहेत. परंतु भाड्याच्या घरात राहणारा माणूस अंगणात आंब्याचे झाड लावीत नाही. ज्यास उद्या बदलीचा हुकूम यावयाचा आहे, तो आजची फाईल निकालात काढील. पुढील दहा वर्षांचे पाणी कोठून आणावे, याची चिंता तो कशास वाहील? आणि त्याने ती वाहिली नाही म्हणून त्यास जाब विचारावयास नागरिकाने जावे तरी कोणत्या सभेत?

भूमसारख्या गावास हा खंड अधिक जाचतो, याचे कारण इतिहासात आहे. बैलगाडीने एका दिवसात गाठता येईल अशी बार्शी इंग्रजी अमलात होती, आणि तेथे १८६५ पासून नगरपालिका नांदत होती. पुण्यात महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे नगरपालिकेचे सभासद होते. पुढे नामदार गोखले यांनी त्याच संस्थेचे अध्यक्षपद भूषविले. सरहद्दीच्या अलीकडे भूम, परंडा, कळंब हा मुलूख मात्र १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या सत्तेखाली राहिला. येथील रयतेस कर देण्याची सवय पिढ्यान् पिढ्यांची, परंतु त्या कराचा हिशेब मागण्याची सवय स्वातंत्र्यानंतरची. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला, आणि मग कोठे येथील नागरिक बार्शीच्या नागरिकाच्या पंक्तीस बसला. ज्या झाडास उशिरा पाणी मिळाले, त्याचे पाणी मध्येच चार वर्षे तोडणे यासारखा दुसरा अविचार नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. स्थानिक स्वराज्याची पुनर्रचना आपल्या देशात आजवर अनेक वेळा झाली. तिच्यापैकी कोणती फळास आली आणि कोणती कागदावर राहिली, हे पाहिले असता एकच नियम हाती लागतो. जेथे अधिकाराबरोबर पैसा आणि माणसेही दिली गेली, तेथे संस्था उभी राहिली. जेथे नुसता कायदा दिला गेला, तेथे नुसती पाटी उभी राहिली. १८ मे १८८२ चा लॉर्ड रिपन यांचा ठराव लोकशिक्षणाच्या दृष्टीने लिहिला गेला, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्याच ठरावात नगरपालिकांच्या डोक्यावरील पोलीसखर्चाचे ओझे उतरवून तो पैसा शिक्षण, औषधोपचार यांसारख्या कामांकडे वळवावा, असा व्यवहारी विचारही होता, हे फार थोड्यांच्या लक्षात असते. काम वाढवावयाचे तर हात मोकळे केले पाहिजेत, एवढे त्या परक्या राज्यकर्त्यासही समजत होते.

आपल्याच राज्यातील दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना १९६० मध्ये वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने मार्च १९६१ मध्ये अहवाल दिला, त्याच वर्षी कायदा झाला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. अहवालापासून अंमलापर्यंत चौदा महिने! आणि त्या दिवशी जिल्हा परिषदेच्या हाती नुसते नियमांचे पुस्तक आले नाही. प्राथमिक शाळा आल्या त्या शिक्षकांसह आल्या, दवाखाने आले ते वैद्यकीय कर्मचाऱ्यांसह आले, रस्ते आले ते अभियंत्यांसह आले. भारतीय प्रशासन सेवेतील अधिकारी मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून आला. जमीन महसुलाशी निगडित अनुदान, रुपयामागे वीस पैशांचा उपकर आणि पगारापुरती शासकीय रक्कम अशी पैशाची सोयही लावून दिली गेली. जिल्हा परिषदांत पुढे जे दोष शिरले ते आम्हांस ठाऊक आहेत. परंतु मराठवाड्यातील खेड्यापाड्यात शाळेची घंटा वाजू लागली ती या पुनर्रचनेमुळे, हे कोणीही प्रामाणिक माणूस नाकारणार नाही.

याच्या उलट चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीची कथा. १ जून १९९३ पासून ती अमलात आली. नगरांस घटनेत स्थान मिळाले, बाराव्या अनुसूचीत अठरा विषयांची यादी आली, आणि आता शहरे स्वतःचा संसार स्वतः करतील अशी आशा उत्पन्न झाली. परंतु त्या कलमाचे शब्द पाहा. हे विषय राज्याच्या विधिमंडळास नगरांकडे 'देता येतील' असे तेथे आहे. 'दिलेच पाहिजेत' असे नाही. पैशाचीही तीच गत. दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमावा आणि राज्याच्या उत्पन्नात स्थानिक संस्थांचा वाटा किती, हे त्याने ठरवावे, अशी योजना आहे. महाराष्ट्राने पहिला आयोग १९९४ मध्ये नेमला. या हिशेबाने पाचवा २०१४ मध्ये नेमला जावयास हवा होता. तो नेमला गेला २०१८ मध्ये. आयोगास उशीर, त्याच्या अहवालास उशीर, अहवालावरील निर्णयास त्याहून उशीर, आणि शिफारशी स्वीकारताना पुन्हा कात्री! ज्या सावकाराने पाच वर्षांचा वायदा नऊ वर्षांनी पाळला, त्याच्या दारी आमच्या बाजारातील एकतरी व्यापारी पुन्हा उभा राहील काय?

भूमच्या वर्गातील नगरपरिषदेचे उत्पन्न कशाकशाचे असते, हे प्रत्येक करदात्याने समजून घेतले पाहिजे. कायद्याने चाळीस हजार वा त्याहून कमी वस्तीची नगरपरिषद 'क' वर्गात मोडते. तिचे स्वतःचे असे उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, आठवडे बाजाराची वसुली, गाळ्यांचे भाडे आणि किरकोळ परवाना शुल्क. पूर्वी यात जकातीचा मोठा आधार होता. नाक्यावर गाडी अडवून ठेवणारी, चिरीमिरीस वाव देणारी ती जकात १९९९ मध्ये नगरपरिषदांच्या हद्दीतून उठली, ते योग्यच झाले. ती उठावी म्हणून व्यापाऱ्यांनी केलेली मागणी न्याय्य होती. परंतु तिच्या जागी आले ते शासनाचे सहायक अनुदान. कमावता मुलगा एका दिवसात वडिलांच्या पाठविलेल्या मनिऑर्डरीवर जगू लागला! लहान नगरपरिषदांतून हे अनुदान बहुतांशी पगारातच संपते. हप्ता लांबला की पगार लांबतो, आणि पगार लांबला की गटारी तुंबतात.

वरून येणारा दुसरा पैसा हा बांधलेला पैसा आहे. पंधराव्या केंद्रीय वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी देशातील नागरी संस्थांकरिता १,२१,०५५ कोटी रुपयांची शिफारस केली. आकडा ऐकून डोळे दिपतात. परंतु दहा लाखांहून कमी वस्तीच्या शहरांच्या वाट्यास जे आले, त्यातील शंभर रुपयांपैकी साठ रुपये पाणी व स्वच्छता या कामांशी बांधलेले होते. उरलेल्या चाळीस रुपयांतूनही पगार देण्याची मुभा नव्हती. पाणी आणि स्वच्छता ही कामे महत्त्वाची नाहीत, असे कोण म्हणेल? बालाघाटाच्या या पर्जन्यछायेच्या मुलखात, जेथे बाणगंगेच्या पात्राकडे लोक जून महिन्यात आशेने पाहतात, तेथे तर पाण्याहून दुसरे काय महत्त्वाचे आहे? आमचे म्हणणे निराळे आहे. जलकुंभ बांधावयास पैसा मिळतो. त्या जलकुंभाची झडप फिरविणाऱ्या माणसाच्या पगारास मिळत नाही. कचऱ्याच्या गाड्या विकत घ्यावयास पैसा मिळतो; त्यांच्या डिझेलास आणि चालकास मिळत नाही. शिवाय बहुतेक योजनांत नगरपरिषदेने स्वतःचा हिस्सा घालावा, अशी अट असते. घरचे उत्पन्नच नसेल तर तो हिस्सा कोठून येणार? आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही. मग योजना अडते, किंवा हिश्श्यापुरते कर्ज निघते, आणि पुढील मंडळाच्या कमरेस धोंडा बांधला जातो.

पैशाइतकाच, किंबहुना त्याहून बिकट प्रश्न माणसांचा आहे. नगरपरिषदेचे मुख्याधिकारी शासन नेमते. लेखा, अभियांत्रिकी, करनिर्धारण इत्यादी तांत्रिक जागा राज्यस्तरीय संवर्गातून भरल्या जातात. ही पद्धत तत्त्वतः चांगली आहे, कारण तिच्यामुळे वशिल्याने भरलेल्या अर्धशिक्षित कारकुनांच्या हाती लाखोंचे हिशेब जाण्यास आळा बसला. परंतु २०२३ मध्ये या संवर्गांतील १,७८२ पदांची जाहिरात साऱ्या राज्याकरिता एकदम काढावी लागली, यावरून जागा किती काळ रिकाम्या राहू दिल्या गेल्या होत्या, याची कल्पना येते. आणि भरती झाली तरी नेमणूक झालेला तरुण अभियंता भूम-परंड्याकडे कितपत टिकतो? पुण्या-मुंबईकडे बदली व्हावी म्हणून त्याचे अर्ज पहिल्या वर्षीच सुरू होतात. मग एकाच अधिकाऱ्याकडे दोन गावांचा कार्यभार सोपविला जातो. सोमवारी तो एका गावी, गुरुवारी दुसऱ्या गावी, आणि मधल्या दिवशी नागरिकांस उत्तर मिळते की साहेब दौऱ्यावर आहेत. यात त्या अधिकाऱ्याचा दोष नाही. एका बैलास दोन गाड्यांना जुंपून दोन्ही गाड्या वेळेवर पोहोचाव्यात, अशी अपेक्षा करणारा गाडीवान दोषी आहे.

पुनर्रचना घोषित करावयाची आणि माणसांची सोय मागाहून पाहावयाची, या पद्धतीची फळे शेजारीच दिसतात. भूम आणि कळंब या तालुक्यांतील गावे मिळून वाशी तालुका झाला. पुढे तालुक्याच्या गावी ग्रामपंचायत राहू नये, नगरपंचायत व्हावी, असे धोरण २०१४ च्या सुमारास राज्याने स्वीकारले, आणि वाशी व लोहारा येथे नगरपंचायती आल्या. धोरण वावगे नव्हते. परंतु अशा ठिकाणी ग्रामपंचायतीचे जुने कर्मचारी नव्या आकृतिबंधात बसतात की नाही, हा प्रश्न राज्यभर वर्षानुवर्षे रेंगाळला. ज्याची शैक्षणिक पात्रता कमी पडली, तो शिपाई वा पाणी सोडणारा माणूस वीस वर्षे राबूनही अधांतरी लटकला. आणि जी नवी पदे मंजूर झाली, ती भरावयास माणूस आला नाही. गावाने एका दिवसात 'पंचायत' हा शब्द पुसून 'नगर' हा शब्द लिहिला. त्या शब्दाचा अर्थ मात्र अजून पुरता आलेला नाही.

या साऱ्या उतरंडीच्या तळाशी जो माणूस उभा आहे, त्याच्याविषयी बोलल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. पहाटे आपण साखरझोपेत असताना जो गटार उपसतो, तो बहुधा ठेकेदाराचा माणूस असतो. त्याचा पगार ठेकेदाराच्या मर्जीवर, त्याचे हातमोजे व बूट ठेकेदाराच्या इच्छेवर. हाताने मैला उचलण्याची प्रथा २०१३ च्या कायद्याने बंद केली, आणि संरक्षक साधनांवाचून माणसास गटारात उतरविणे हा गुन्हा ठरविला. तो कायदा पाळावयास यंत्र लागते, यंत्रास पैसा लागतो, आणि नगरपरिषदेच्या पैशाच्या तंगीची किंमत शेवटी या माणसाच्या फुप्फुसांनी चुकवावी लागते. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे कायम सफाई कामगाराच्या वारसास नोकरी मिळते. ती सोय काढून घ्यावी असे आम्ही स्वप्नातही म्हणणार नाही. पण बापाचा झाडू मुलाच्या हाती देणे, एवढ्यावरच समाजाने आपले कर्तव्य संपले असे मानावे काय? त्या कामगाराची मुलगी शिकून नगरपरिषदेच्या लेखापालाच्या खुर्चीवर बसेल, त्या दिवशी आम्ही खरी पुनर्रचना झाली असे म्हणू. कर्मचाऱ्यांचा प्रश्न हा नुसता आस्थापनेचा प्रश्न नसून न्यायाचा प्रश्न आहे, तो या अर्थाने.

आता आक्षेपांचा विचार करू. दुकानदार म्हणतो, "नळास चार दिवसांनी पाणी येते, दिवे लागत नाहीत, मग घरपट्टी कशाची द्यावयाची?" नगरसेवक म्हणतो, "कर वाढविला, थकबाकीदाराच्या दारावर नोटीस चिकटविली, तर पुढच्या खेपेस मत कोण देईल?" आणि मुंबईचे सरकार म्हणते, "तुम्ही स्वतःची वसुली आधी करा, मग आम्ही अनुदानाचे पाहू." तिघेही आपापल्या परीने खरे बोलतात, आणि तिघांच्या खऱ्या बोलण्याचा परिणाम असा होतो की गाव तेथल्या तेथे राहते. हा फेरा कोठेतरी तोडला पाहिजे. आमच्या मते तो प्रथम नगरपरिषदेने तोडावा, कारण तिने आताच लोकांचा विश्वास मागून घेतला आहे. पाठोपाठ नागरिकांनी आपला वाटा उचलावा. आणि त्याच वर्षी शासनाने आपला. एकाने दुसऱ्याची वाट पाहत बसू नये.

नगरपरिषदेने काय करावे? पहिली गोष्ट हिशेबाची. दर तीन महिन्यांनी जमा किती, खर्च किती, मंजूर पदे किती, भरलेली किती, रिकामी किती, आणि कोणते अनुदान कोणत्या तारखेस यावयाचे होते व केव्हा आले, हे साध्या मराठीत, मोठ्या अक्षरांत, बाजारचौकातील फळ्यावर लावावे. यास कोणाच्या मंजुरीची गरज नाही. थकबाकीदारांची यादी लावावयाची तर तिच्या शिरोभागी नगरसेवकांची, ठेकेदारांची आणि पुढाऱ्यांची नावे असतील ती आधी लावावी. मोठ्या घराची थकबाकी झाकून ठेवून विधवेच्या झोपडीवर जप्तीची नोटीस लावणारे मंडळ कर मागण्याचा नैतिक अधिकार गमावून बसते. दुसरी गोष्ट आकारणीची. दर चार वर्षांनी करआकारणीची नवी यादी करावी असा कायदा आहे. ही फेरआकारणी म्हणजे सरसकट करवाढ नव्हे. एकमजली घराचे तीन मजले झाले, राहत्या घराचे गोदाम झाले, पत्र्याच्या टपरीच्या जागी पक्के दुकान आले, त्यांची नोंद होणे म्हणजे फेरआकारणी. ती चोख झाली तर दर न वाढविताही उत्पन्न वाढते, आणि गरिबाच्या डोक्यावर श्रीमंताचा बोजा येत नाही. तिसरी गोष्ट सभागृहाची. २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांकरिता राखीव आहेत. निवडून आलेल्या भगिनींच्या खुर्चीवर त्यांच्या यजमानांनी वा दिरांनी बसण्याची चाल ज्या कोठे असेल, तेथे ती पहिल्याच सभेत बंद पडली पाहिजे. अंदाजपत्रक वाचावयाचे कसे, याचे शिक्षण सर्व नव्या सदस्यांस मिळावे. पाण्याची खेप ज्यांनी डोक्यावर वाहिली आहे, त्यांस पाण्याच्या अंदाजपत्रकातील चूक आम्हां पुरुषांहून लवकर दिसेल, याविषयी आम्हांस शंका नाही.

व्यापारी बंधूंस आमचे सांगणे स्पष्ट आहे. जकात गेली तेव्हा आपल्या मालावरील एक ओझे उतरले; तेव्हापासून गावाच्या खर्चातील आपला वाटा मुख्यतः घरपट्टी आणि गाळेभाडे यांच्या रूपानेच उरला आहे. ती वर्षानुवर्षे थकवावयाची आणि दंडमाफीच्या योजनेची वाट पाहावयाची, ही चतुराई नव्हे. कायद्याने थकबाकीवर शास्ती लावावयाची आणि मागाहून सवलत म्हणून ती सोडावयाची, असे वारंवार घडले, तर वेळेवर पैसे भरणारा प्रामाणिक मनुष्य मूर्ख ठरतो. आणि ज्या गावात प्रामाणिक मनुष्य मूर्ख ठरतो, त्या गावाची पत बाहेरगावच्या पेढीवर राहत नाही. कुंथलगिरीच्या खव्याचे आणि पेढ्याचे नाव दूरदूर गेले आहे. खवा नासतो तो एका रात्रीत. त्यास स्वच्छ पाणी, वेळेवर वीज आणि चालता रस्ता लागतो. म्हणजे नगराचा कारभार हा व्यापाऱ्याच्या दृष्टीने परोपकाराचा विषय नाही, भांडवलाचा विषय आहे. भरलेल्या कराची पावती ही गावाच्या कारभारातील भागीदारीची चिठ्ठी आहे. ती खिशात असेल तर सभेत उभे राहून जाब विचारा. नसेल तर आधी ती मिळवा.

शासनाकडे आमच्या मागण्या तीन आहेत, आणि तिन्ही त्याच्या शक्तीबाहेरच्या नाहीत. पहिली ही की मागास भागातील 'क' वर्गाच्या प्रत्येक नगरपरिषदेस पूर्णवेळ मुख्याधिकारी मिळावा, आणि त्याची, तसेच अभियंता व लेखापाल यांची, किमान तीन वर्षे बदली होऊ नये. येथे राहून काम करणाऱ्यास अधिक भत्ता आणि पुढील नेमणुकीत पसंतीचा हक्क द्यावा. धाराशिव जिल्हा २०१८ मध्ये केंद्राने आकांक्षित जिल्ह्यांत घातला. आकांक्षा कागदावर धरून भागत नाही, ती पुरी करणारा माणूस पाठवावा लागतो. दुसरी मागणी ही की भूम, परंडा आणि वाशी या शेजारच्या तीन गावांकरिता पाणीपुरवठा, नगररचना व लेखा यांचे जाणकार असलेले एक सामाईक तांत्रिक पथक उभारावे. एकेका लहान गावास जो तज्ज्ञ परवडत नाही, तो तिघांस मिळून परवडतो. पंधराव्या वित्त आयोगाने नागरी संस्थांच्या सामाईक सेवांसाठी ४५० कोटी रुपये निराळे सुचविले होते. म्हणजे ही कल्पना आमच्या डोक्यातून निघालेले खूळ नव्हे. तिसरी मागणी पैशाची. वस्ती, मागासलेपणा आणि वसुलीतील प्रयत्न यांच्या ठरीव गणिताने अनुदान ठरावे, त्याचा काही भाग पगार व देखभाल यांसाठी मोकळा असावा, आणि हप्त्याच्या तारखा वर्षारंभी जाहीर व्हाव्यात. आमदार कोणत्या पक्षाचा, नगराध्यक्ष कोणत्या गटाचा, हे पाहून निधीची थैली सैल वा घट्ट होत असेल, तर तो निधी अनुदान नसून खैरात आहे. आणि खैरातीवर स्वराज्य चालत नाही.

कोणी म्हणेल, एवढ्या लहान गावाच्या कारभाराबद्दल एवढा मोठा लेख कशास? आमचे उत्तर असे की, नागरिकास राज्याचे दर्शन होते ते मंत्रालयाच्या जिन्यावर नव्हे, आपल्या गल्लीच्या तोंडाशी. तेथील दिवा लागतो की नाही, नळास पाणी येते की नाही, मुलीस रात्री शिकवणीहून परतताना वाट उजेडाची मिळते की नाही, यावरून तो लोकशाही खरी की खोटी हे ठरवितो. चार वर्षे त्याने मतपेटीची वाट पाहिली. आता त्याने निवडलेली माणसे रिकाम्या तिजोरीपुढे आणि रिकाम्या खुर्च्यांमध्ये बसवून ठेवली, तर त्यास लोकशाहीच निरुपयोगी वाटू लागेल, आणि पुढे कधी प्रशासक बसला तर त्यास वाईटही वाटणार नाही. त्या दिवसाची आम्हांस खरी भीती वाटते. तो टाळावयाचा असेल तर आरंभ मोठा नको. बाजारचौकात एक फळा उभा करावा, त्यावर पहिल्या तिमाहीचा खरा हिशेब खडूने लिहावा, आणि तो वाचावयास येणाऱ्या प्रत्येकाने आपल्या घरपट्टीची पावती बरोबर आणावी. एवढे भूमने केले, तर मुंबईच्या दारी मागणी घेऊन जाताना तिच्या नगराध्यक्षांस मान खाली घालावी लागणार नाही.